१४ वर्षांच्या मुलासाठी स्वतःचं एअर पिस्तूल घ्यावं का? कोणतं घ्यावं, आणि मेंटेनन्स काय असतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दीड वर्ष क्लबच्या पिस्तुलाने खेळतोय, ६०० पैकी ५२०-५३० वर अडकलाय, आणि सर म्हणतात एक तर दीड-दोन लाखांचं नवीन पिस्तूल घ्या नाहीतर त्याच्या मनावर काम करा, पोरगा प्रेशर घेतो. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. पिस्तूल कोणतं ते सांगते खाली, पण आधी मला सांगा, क्लबच्या त्या पिस्तुलातून छर्रा किती वेगाने सुटतो ते कुणी मोजलंय का? एकदा तरी? नसेल मोजलं तर पोराला दोष देणंही चूक आणि पिस्तुलाला देणंही चूक, कारण दोन्ही अंदाजपंचे चाललंय.

मी चिपळूणची. कॉलेज संपेपर्यंत एअर पिस्तूल खेळले, राज्य स्पर्धेपर्यंत गेले. बाबा एसटीत मेकॅनिक, डेपोच्या वर्कशॉपला. माझं पिस्तूल सेकंडहँड होतं, पुण्याच्या एका मुलीकडून घेतलेलं, बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं त्यासाठी. तेव्हा मुलींना ४० शॉट्स असायचे (६० झाले ते २०१८ पासून), म्हणजे ४०० पैकी स्कोअर. जानेवारीत पिस्तूल आलं, मे पर्यंत मी ३६५-३६८ नियमित मारत होते. पिस्तुलाचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरावा लागतो, तो आम्ही सरांकडच्या मोठ्या डाइव्ह सिलिंडरवरून (पाणबुडे वापरतात तो) भरायचो. मग तो संपला, भरायला मुंबईला पाठवायला लागायचा, त्यात आठ-दहा दिवस जायचे, म्हणून बाबांनी हातपंप आणला. सायकलच्या पंपासारखाच दिसतो, पण शेवटच्या चाळीस बारला माणसाला अख्ख्या अंगाचा भार टाकावा लागतो. बाबा ड्युटीवरून आले की बनियनवर पडवीत उभे राहून पंप मारायचे, बाहेर जुलैचा पाऊस, भिंतींना ओल, आणि मी पंपावरचा काटा बघत आकडे सांगायची, एकशे साठ, एकशे ऐंशी, झालं बाबा.

गणपतीच्या सुमारास शॉट खाली जायला लागले. सगळे नाही. पहिला मस्त दहा, दुसरा नऊ, मग आठ, आठ, सगळे सहा वाजताच्या दिशेला. जरा थांबले, पाणी प्यायले, परत उभी राहिले की परत पहिला दहा आणि मग पुन्हा तेच. सरांनी हे दोन दिवस बघितलं आणि निकाल दिला की पहिला शॉट फ्रेश डोक्याने मारते, दहा लागला की घाबरते आणि ट्रिगरला झटका देते. ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं ते. मलाही पटलं. रोज दोनशे ड्राय फायर (छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढायचा), डोळे मिटून श्वास, ट्रिगरवर बोटाची जागा बदल, ग्रिपला, म्हणजे मुठीला, पॉलिशपेपर मार, परत पुट्टी भरून काढ, सगळं केलं.

बाबांनी एकदाच तोंड उघडलं. रेंजवर मला न्यायला आले होते तेव्हा सरांना म्हणाले, "सर, आमच्या गाडीच्या एअर टँकमध्ये पाणी साठतं, ब्रेकचा प्रॉब्लेम होतो, म्हणून आम्ही रोज सकाळी ते सोडतो. ह्याच्यातलं पाणी कुठून सोडायचं?" सर हसले. सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "अहो काका, ही लालपरी नाही, इम्पोर्टेड मॅच पिस्तूल आहे. दोष हत्यारात नसतो, मनात असतो." बाबा काही बोलले नाहीत. घरी येताना स्कूटरवर पण काही बोलले नाहीत. आज इतकी वर्षं झाली, स्पर्धांचे स्कोअर विसरले मी, पण त्या दिवशीचं बाबांचं गप्प बसणं विसरलेले नाही.

राज्य स्पर्धेत मी ३५१ मारले. नंतर सरांनी आईबाबांना बसवून सांगितलं की हिचं मन कमकुवत आहे, दुसऱ्या कशात घाला. आईने मान्यही केलं होतं. बाबांनी दोन दिवस रजा टाकली, पिस्तूल आणि मला घेतलं आणि रात्रीच्या गाडीने पुणं गाठलं, तिथे एक जण पिस्तुलं-रायफली उघडतात असं त्या पुण्याच्या मुलीने सांगितलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, टार्गेट लावलं नाही, आधी पिस्तूल क्रोनोग्राफसमोर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर, धरलं. दोन मिनिटं थांबून पहिला शॉट सेकंदाला १५२ मीटर. मग सलग, १४१, १३६, १३३. परत दोन मिनिटं थांबले, परत १५१. मला रडायलाच आलं.

आता याचा हिशोब सांगते, कारण हा कुणीच सांगत नाही. दहा मीटर जायला १५२ च्या वेगाने छर्ऱ्याला जेवढा वेळ लागतो त्यात तो साधारण २१ मिलिमीटर खाली येतो, १३३ च्या वेगाने साधारण २८. म्हणजे सहा-सात मिलिमीटरचा फरक, आणि एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटर रुंद असते. साइट तीच, हात तोच, ट्रिगर तोच, आणि जवळजवळ एक अख्खी रिंग गेली. रायफलवाल्यांचं तर विचारूच नका, त्यांची रिंग अडीच मिलिमीटरची आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर.

मग त्यांनी सिलिंडर काढला, हवा सोडली आणि टिश्यू पेपरवर उलटा धरून झटकला. तांबूस पाण्याचे चार-पाच थेंब पडले. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा एकसारख्या दाबाने पुढे चेंबरला देणारा भाग) उघडला तर आतल्या चकत्यांच्या स्प्रिंगा गंजलेल्या, ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, चिकट काळं लागलेलं. कोकणातली पावसाळी हवा दोनशे पट दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होणारच, ते जाणार कुठे? सिलिंडरमध्ये, तिथून रेग्युलेटरमध्ये. रेग्युलेटर चिकटला की प्रत्येक शॉटनंतर चेंबर पुरेसा भरायला वेळ लागतो, थांबून मारलं तर पूर्ण वेग, सलग मारलं तर कमी. बाबांनी त्या टिश्यूवर बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "गाडीचं पाणी पण असंच येतं." एवढंच. स्प्रिंगा, ओ-रिंगा आणि मजुरी धरून पाच हजारांच्या आत काम झालं. पुढच्या स्पर्धेत ३६९.

सरांना मी जाऊन सांगितलं. "होतं असं कधीकधी" म्हणाले. मला सॉरी नसतं म्हटलं तरी चाललं असतं, बाबांना म्हणायला हवं होतं.

म्हणून पोरांच्या मनाबद्दल कुणी असं सहज बोललं की मला सहन होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल दहा मीटरच्या पात्रता फेरीत चालू मॅचमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, फायनल हुकली, आणि इकडे लोक तिच्या डोक्याबद्दल बोलत होते. तीच मुलगी २०२४ ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली.

तर तुमचं. आधी हे करा. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून मुलाला नाही, क्लबमधल्या दुसऱ्या चांगल्या शूटरला मारायला सांगा. पाच शॉट दोन-दोन मिनिटं थांबून, मग दहा शॉट सलग. दोन्ही ग्रुप एकाच जागी बसले तर पिस्तूल ठीक आहे. सलगवाले खाली लांबत गेले तर पिस्तूल उघडायला द्या आणि पोराला चार दिवस सुट्टी द्या. क्रोनोग्राफ काही हजारांत मिळतो, प्रत्येक क्लबकडे असायलाच पाहिजे, आणि ज्या सरांकडे नाही त्यांनी मनावर बोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःचं घ्यायचं का, तर हो, घ्या, पण वेगळ्या कारणासाठी. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप दहा पोरांच्या हाताची असते. ग्रिप स्मॉल-मीडियम-लार्ज मापात येते आणि १४ वर्षांच्या पोराचा हात अजून वाढणार आहे, त्यामुळे आत्ता मापाची घ्या आणि दोन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. ग्रिप बसली की पिस्तूल उचलल्यावर साइट आपोआप सरळ येते, नाही बसली तर पोरगं प्रत्येक शॉटला मनगट वळवत बसतं. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, पार्दिनी, यातलं कोणतंही चांगल्या स्थितीतलं जुनं मॉडेलसुद्धा ५७० मारून देईल. तुमच्या शहरात ज्याचे ओ-रिंग आणि पार्ट मिळतात आणि जे उघडणारा माणूस आहे ते घ्या, हाच माझा एकमेव निकष. हॅमर्लीचं एपी २० स्वस्त पडतं, सुरुवातीला वाईट नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर छान असतो, पण घेतलात तर बॅगेत जादा बॅटरी पाहिजेच.

सेकंडहँड घेताना सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षांच्या वरचा सिलिंडर मोठ्या स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्य तपासणीला) अडतो, आणि बरेच जण पिस्तूल विकतात ते याच कारणासाठी, नवीन सिलिंडरचा खर्च तुमच्या डोक्यावर. ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन उचलतो का तेही तिथल्या तिथे बघा.

मेंटेनन्स म्हणाल तर कमी करा. लोक नको तितका करतात. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल तेल, डब्ल्यूडी-४०, यातलं काहीही आत जाता कामा नये, जास्त दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस नखाएवढं, बास. नळी साफ करायला तिच्यातून फेल्टच्या गोळ्या अधूनमधून, तेवढंच. सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, भरताना हळू भरा, गरम होतो. पेटीत सिलिका जेल, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदला. आणि हातपंप शक्यतो नको. घ्यावाच लागला तर हवेतली ओल शोषणारा ड्राय फिल्टर लावून, मध्येमध्ये थांबून, आणि जून ते सप्टेंबर कोकणात अजिबात नाही. चार-पाच पालकांनी मिळून एक डाइव्ह सिलिंडर घ्या, कोरडी हवा भरून आणा.

छर्ऱ्यांचं, ४.४९ मिलिमीटरचे का ४.५० चे यावर मुलं तासन् तास बोलतात. ५६० च्या खाली याचा विचार करू नका. एक ब्रँड, एक लॉट, डबा न ठेचलेला. सरावानंतर मुलाला साबणाने हात धुवायला लावा, शिसं आहे ते, आणि त्याच हाताने वडापाव खातात पोरं.

काही गोष्टी राहिल्या त्या सांगून टाकते. दरवेळी पिस्तूलच दोषी असतं असं माझं म्हणणं नाही, ५२०-५३० च्या पातळीवर ट्रिगरला झटका देणारी पोरंच जास्त असतात, तुमचाही त्यातला असू शकतो. पण झटक्याचे शॉट इकडेतिकडे जातात, उजवा हात असेल तर बरेचदा खाली-डावीकडे, एका सरळ उभ्या रेषेत ते खाली उतरत नाहीत. दुसरं, मी हे फक्त दहा मीटर एअर पिस्तुलाचं लिहिलंय. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, तरी बिल आणि क्लबचं पत्र पेटीत ठेवा. पॉइंट टू-टूचं, म्हणजे खऱ्या गोळीच्या पिस्तुलाचं, सगळंच निराळं. तिसरं, सगळेच सर असे नसतात, मला नंतर पुण्यात ज्यांनी शिकवलं ते आधी पिस्तूल हातात घ्यायचे आणि मग माझ्याशी बोलायचे.

बाबा आता रिटायर झालेत. माझी भाची रायफल खेळते, तिच्या क्लबचा डाइव्ह सिलिंडर भरून आला की बाबा आधी वॉल्व्ह जरासा उघडून पांढऱ्या रुमालावर हवा सोडून बघतात, ओल आली तर सिलिंडर परत. तुम्ही एवढं तरी नक्की करा. आणि त्या क्लबच्या पिस्तुलाचं मॉडेल आणि सिलिंडरवरची तारीख कळवा, मग नवीन घ्यायचं का आहे तेच उघडून घ्यायचं ते सांगता येईल.