काका, डॅशबोर्डवर काहीतरी आलंय

ह्या महिन्याची पत्रं चाळली तर गंमत वाटली, मायलेज किती देते हा प्रश्न एकानेही विचारलेला नाही. सगळे डॅशबोर्डवरचे दिवे, मेसेज, सेटिंग आणि रेडिओ. बहुतेकांचं म्हणणं एकच, काका हा दिवा घालवू कसा. घालवू आपण, पण तो का लागलाय ते आधी बघू.

प्रश्न : नमस्कार काका. माझी बीएस६ डिझेल एसयूव्ही आहे, घर ते ऑफिस जेमतेम ४ किमी, तेही ट्रॅफिकमधून. हल्ली दर पंधरा-वीस दिवसांनी एक पिवळा दिवा येतो, डब्यासारखं चित्र आणि आत ठिपके. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो हायवेला फिरवून आणा, जाईल. डिझेल काय फुकट येतं का? – बाणेर, पुणे

उत्तर : फुकट येत नाही, पण तो माणूस खरं बोलतोय. ते चित्र डीपीएफचं, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचं. बीएस६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम १ एप्रिल २०२० पासून लागला तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये ही जाळी असते, धुरातली काजळी ती अडवते. अडवलेली काजळी कुठेतरी जायला हवी ना, तर ती जाळली जाते, त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि ४ किमीच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन नीट गरमच होत नाही तर ६०० अंश कुठून येणार. मग गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून जाळी तापवायला बघते, ह्याला रिजनरेशन म्हणतात, साधारण १५-२० मिनिटं लागतात. तुम्ही तोवर ऑफिसला पोचून गाडी बंद केलेली असते. संध्याकाळी परत तेच.

हे चालू असताना गाडी खुणा देते, बघत जा. आयडलिंग थोडं वाढतं, सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी बंद होत नाही, अ‍ॅव्हरेजचा आकडा धाडकन खाली येतो, आणि गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो. असं काही दिसलं तर शक्य असेल तेव्हा अजून दहा-पंधरा मिनिटं चालवा. सारखं मधेच बंद केलं तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. लोक खुश होतात की आपली गाडी ऑइल खात नाही, अहो ते ऑइल नाहीये.

दिवा नुसता पिवळा आहे तोवर मोकळ्या रस्त्याला २० मिनिटं एकसारख्या वेगाने, ६० च्या वर, एक गिअर खालचा ठेवून चालवा म्हणजे काम होतं. नेमका वेग आणि आरपीएम तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. टाकी रिझर्व्हला असेल तर बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत, तेव्हा आधी डिझेल भरा. दुर्लक्ष केलं तर त्याच्या जोडीला इंजिनचा दिवा येतो, मग गाडी पिकअप सोडते आणि सर्व्हिस सेंटरला मशीन लावून काजळी जाळावी लागते. तरी नाही झालं तर जाळीच बदला, आणि तो आकडा ऐकून माणूस खाली बसतो. कोणी म्हणेल जाळी काढूनच टाकतो, सॉफ्टवेअर मारून देतो, तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा, ते बेकायदा आहे आणि मागून जो काळा धूर निघेल तो तुमच्याच मुलांच्या नाकात जाणारे.

आता रागावू नका, पण रोज ४ किमीसाठी डिझेल घेणं हाच मुळात चुकीचा सौदा होता. विकताना पेट्रोल किंवा इलेक्ट्रिकचा विचार करा.

प्रश्न : काका, ८० च्या वर गेलं की टिंग टिंग वाजतं, बंद कसं करायचं? एक्स्प्रेसवेवर डोकं उठतं. – पनवेल

उत्तर : बंद होत नाही. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हा नियमच आहे, ८० च्या वर थांबून थांबून, १२० च्या वर सलग. एक्स्प्रेसवेला लिमिट १०० आणि गाडी ८० लाच कुरकुरते, हे विचित्र आहे हे मलाही मान्य. सेटिंगमध्ये 'स्पीड अलर्ट' म्हणून जो ऑप्शन दिसतो तो वेगळा, त्यात आपला आकडा टाकता येतो आणि तो बंदही होतो. तुम्ही तो बंद करून बघितला असणार आणि आवाज तसाच.

प्रश्न : थंडीत सकाळी गाडी काढली की टायरचा पिवळा दिवा, घोड्याच्या नालासारखा आणि मधे उद्गारचिन्ह. दुपारी आपोआप जातो. पंक्चरवाल्याने दोनदा पाण्यात बुडवून बघितलं, काही नाही. सेन्सर गेला का? – निफाड

उत्तर : निफाडवाल्यांनीच हा प्रश्न विचारावा ह्यात नवल नाही, तुमच्याकडचा पारा पेपरात येतो दरवर्षी. सेन्सर ठणठणीत आहे. हवा थंड झाली की आकसते, साधारण ५-६ अंश तापमान उतरलं की टायरचं प्रेशर १ पीएसआयने उतरतं. पहाटे ८ अंश आणि दुपारी २८, म्हणजे ३-४ पीएसआयचा फरक नुसत्या हवामानाने पडला. त्यात टायरमध्ये आधीच थोडी कमी असेल तर सकाळी दिवा लागणारच.

उपाय असा की हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्यातला आकडा धरायचा, पंपावरचा पोरगा ३५ म्हणाला म्हणून ३५ नाही. आता महत्त्वाचं. बऱ्याच गाड्यांमध्ये टायरच्या आत सेन्सर नसतोच, एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकं किती वेगाने फिरतात ते बघतात, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फिरतं त्यावरून गाडी अंदाज करते. अशा गाडीत हवा भरल्यावर मेनूतून 'सेट' किंवा 'रिसेट' करावं लागतं. पण हवा न भरता नुसतं सेट दाबलंत तर कमी हवा हीच बरोबर असं गाडी लक्षात ठेवते आणि नंतर खरंच हवा गेली तर उशिरा सांगते. दिवा गेला म्हणून समाधान मानणारे बहुतेक हेच करतात.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून ५०० रुपयात घालवला. आठवड्याने परत आला. परत ५००. हे किती दिवस? – कराड

उत्तर : तुम्ही देत राहाल तोवर. त्याने दुरुस्ती केलेलीच नाही, ताप बघून थर्मामीटर झटकून ठेवला इतकंच. स्कॅनरने कोड पुसला की त्याच्यासोबत दिवा लागला तेव्हा वेग काय होता, इंजिन किती गरम होतं ही सगळी नोंदही जाते, पुढच्या मेकॅनिकला काही हाती लागत नाही. ह्यापुढे सांगायचं, आधी कोड वाचा आणि कागदावर लिहून द्या, मग पुसा. पी अक्षर आणि चार आकडे असतात. आणि कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे हेही लक्षात ठेवा. पी ०४२० आला की लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाईनमधला धूर स्वच्छ करणारा डबा) बदला म्हणणारे आहेत, पण ऑक्सिजन सेन्सर बिघडला किंवा सायलेन्सरला कुठे भोक पडलं तरी तोच कोड येऊ शकतो. वाचायचं यंत्र ब्लूटूथवाला स्वस्तात मिळतं, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं त्यात लागतं, मोबाईलवर दिसतं. विकत घ्या, दोन फेऱ्यांच्या पैशात होईल.

दिवा स्थिर पिवळा असेल तर घाबरू नका, एकदोन दिवसात दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि कन्व्हर्टर वितळू शकतो, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हळू बाजूला घ्या. आणि तेलाच्या झारीच्या चित्राचा लाल दिवा दिसला तर पुढचा पंप, पुढचं गाव काही नाही, तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद. तो दिवा ऑइलच्या प्रेशरचा असतो, प्रेशर नाही म्हणजे आत लोखंडावर लोखंड घासतंय.

प्रश्न : काका, बॅटरी बदलल्यापासून ड्रायव्हरची काच एका टचमध्ये वर जात नाही, घड्याळ चुकलंय, रेडिओची स्टेशनं गेली. शिवाय लॉक केल्यावर हेडलाईट काही वेळ तसेच राहतात, बॅटरी उतरेल अशी भीती वाटते. गाडी मी आणि मिस्टर दोघं चालवतो, ब्लूटूथ कायम त्यांच्याच फोनला जोडलं जातं. – रत्नागिरी

उत्तर : ताई, एकही बिघाड नाहीये, सगळी सेटिंगं आहेत. बॅटरी काढली की काच कुठपर्यंत जाते हे गाडी विसरते. काच पूर्ण खाली घ्या, मग बटण वर ओढून धरा, काच वर टेकल्यावरही चार-पाच सेकंद सोडू नका. बहुतेक गाड्यांना एवढं पुरतं. हेडलाईट राहतात ते मुद्दाम, तुम्हाला दारापर्यंत उजेड मिळावा म्हणून, मेनूत 'फॉलो मी होम' असं काहीतरी असेल, तिथे सेकंद कमी करा किंवा बंद करा. ब्लूटूथच्या यादीत तुमचा फोन प्रायॉरिटीला टाका, मिस्टरांनी कुरकुर केली तर प्रोफाईल दोन बनवा, असल्यास. त्याच मेनूत दारं किती वेगाला आपोआप लॉक व्हावीत, किल्लीच्या एका क्लिकने सगळी दारं उघडावीत की फक्त ड्रायव्हरचं, हेही असतं. रात्री एकटीने गाडीकडे जात असाल तर फक्त ड्रायव्हरचं ठेवा.

आणि गाडी विकाल तेव्हा फॅक्टरी रिसेट आठवणीने करा. फोनबुक, घरचा पत्ता, कुठे कुठे गेलात, सगळं त्या स्क्रीनमध्ये राहतं. मोबाईलचं कनेक्टेड अ‍ॅप असेल तर खातंही काढा, नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहील.

प्रश्न : जुना स्टिरिओ काढून मोठा अँड्रॉइड स्क्रीन बसवला. तेव्हापासून बाबांची पुणे आकाशवाणी लागत नाही. ते सकाळी गाडीत बसले की ७९२ लाव म्हणतात आणि स्क्रीनवर ७९० नंतर डायरेक्ट ८०० येतं. एफएमपण खरखर. दुकानदार म्हणतो आता एएम कोण ऐकतं. – हडपसर

उत्तर : बाबा ऐकतात, विषय संपला. ७९० नंतर ८०० ह्यातच उत्तर आहे. आपल्याकडे मीडियम वेव्हची, म्हणजे एएमची, स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. तुमच्या स्क्रीनचं रेडिओ रिजन अमेरिका आहे. सेटिंगमध्ये रेडिओ, मग रिजन, तिथे एशिया किंवा युरोप करा, ७९२ दिसेल. मुंबईवाल्यांची अस्मिता वाहिनी ५५८ ला, तीही अशीच हरवते. अमेरिकेच्या सेटिंगला एफएमसुद्धा ०.२ ने उड्या मारतं, ९८.३ नंतर ९८.५, त्यामुळे १०४.० सारखी स्टेशनं मधेच राहून जातात. काही स्क्रीनमध्ये हे सेटिंग फॅक्टरी मेनूत असतं, त्याचा पासवर्ड दुकानदाराकडे असतो, मागून घ्या.

खरखरीचं कारण वेगळं. हल्लीचा टपावरचा शार्कफिन किंवा काचेतला अँटेना छोटा असतो, त्याला मधे अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि त्याला १२ व्होल्ट स्टिरिओकडून जातात, बहुधा निळ्या वायरने. बाहेरचा स्टिरिओ बसवताना ती वायर जोडायची राहते, ही चूक इतक्या ठिकाणी होते की मी आता पहिलं तेच विचारतो. ते ठीक असेल तर गाडी मोकळ्या मैदानात लावा, एएम लावा आणि एकेक वस्तू काढा, मोबाईलचा चार्जर, डॅशकॅम, नंतर टाकलेले एलईडी बल्ब. कुठली काढल्यावर खरखर थांबते ते कळेल. स्वस्त चार्जर हा नेहमीचा चोर. मेटलवाली सनफिल्म असेल तर तीही काचेतल्या अँटेनाला आणि फास्टॅगला दोघांनाही आडवी येते.

ह्यालाच जोडून कामोठ्याहून एकाने विचारलंय की पुण्याला जाताना घाटात ९८.३ वर दोन निवेदक एकाच वेळी भांडल्यासारखे का बोलतात. कारण मुंबईत रेडिओ मिर्ची ९८.३ आणि पुण्यातही ९८.३, तसंच रेडिओ सिटी दोन्हीकडे ९१.१. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते, सह्याद्री मधे आडवा, त्यामुळे खोपोलीपर्यंत मुंबई आणि वर चढलात की पुणे, मधल्या वळणांवर कधी हे जोरात कधी ते. एफएम रिसीव्हर ज्याचा सिग्नल जास्त त्याला धरतो आणि दुसऱ्याला दाबतो म्हणून वळण घेतलं की एकदम माणूस बदलतो. सिग्नलला उभे असताना खरखर आली तर गाडी हातभर पुढे घेऊन बघा, बऱ्याचदा स्वच्छ होतं, कारण ह्या लहरीची लांबीच ३ मीटरच्या आसपास असते, बिल्डिंगांवरून परतून आलेली लहर एका जागी मारक ठरते तर थोडं पुढे तारक. आणि स्टिरिओवर 'लोकल' लिहिलेलं दिसत असेल तर ते काढून 'डीएक्स' करा, लोकलला तो लांबची स्टेशनं शोधतच नाही.

प्रश्न : 'की नॉट डिटेक्टेड' येतं, किल्ली खिशातच आहे. – सावंतवाडी

उत्तर : सेल गेला. तोवर किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवून दाबा, बहुतेक गाड्या सुरू होतात, काही गाड्यांत टेकवायची जागा दुसरीकडे असते ती मॅन्युअलमध्ये मिळेल. दार उघडायला किल्लीच्या पोटात पत्र्याची किल्ली असते, ती बाहेर काढून बघून ठेवा. सेल बहुतेक सीआर २०३२ असतो पण जुना काढून त्यावरचा नंबर वाचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो.