संमतीच्या रकान्यात नुसतं ‘हो’?

प्रश्न : वैयक्तिक माहिती वापरू देण्यासाठी ग्राहकाने टिक केली की आमचा एपीआय (ॲपची विनंती घेऊन तिला उत्तर देणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) डेटाबेसात ‘संमती : हो’ एवढंच लिहितो. पुरेल का?

उत्तर : नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार वाद झाला तर संमती रीतसर घेतल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. त्यामुळे दर वेळी नवी नोंद घाला : ग्राहकाचा आयडी, कशासाठी, संमती मागताना दाखवलेल्या सूचनेची आवृत्ती आणि भाषा, दिली की मागे घेतली, वेळ. वेळ सर्व्हरचीच, मोबाइलचं घड्याळ कुणीही मागे फिरवतं. जुनी नोंद अपडेट केलीत की पुरावा गेलाच!

रेंज तुटली की ॲप तीच विनंती पुन्हा पाठवतं आणि नोंदी दोन होतात. प्रत्येक विनंतीला ॲपनेच वेगळा क्रमांक द्यावा. तोच परत आला तर सर्व्हरने आधीचंच उत्तर पाठवावं. संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं, तेही कायद्यातच आहे.