कंपोस्टमध्ये मायकोरायझा टाकण्याआधी

ताई, तुमचे प्रश्न दोन. मुळांवर राहणारी बुरशी जंगलातला पालापाचोळा कुजवते हे खरं का, आणि खरं असेल तर मायकोरायझाचं (म्हणजे याच मुळांवरच्या बुरशीचं) पाकीट कंपोस्टच्या ढिगात टाकावं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते: टाकू नका, पैसे वाया जातील. पहिल्याचं उत्तर 'हो, पण स्वतःच्या पोटासाठी नाही' असं आहे.

पाकिटात मिळते ती सहसा आर्बस्क्युलर प्रकारची, मुळाच्या पेशींत शिरून राहणारी. पानं कुजवायला लागणारी एन्झाइम्स तिच्याकडे जवळजवळ नाहीतच. इतकंच काय, स्वतःपुरती मेदाम्लंही तिला नीट बनवता येत नाहीत, तीही झाडाकडून यावी लागतात. साग, आंबा आणि सह्याद्रीतली बहुतेक झाडं हिच्याशीच सोयरीक करतात. तिथला पाचोळा कुजतो तो मोकळ्या (मुळांशी न बांधलेल्या) बुरश्या, जिवाणू, वाळवी आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या जिवावर.

तुम्ही वाचलंत ते एक्टोमायकोरायझाबद्दल, म्हणजे पेशींत न शिरता मुळाला बाहेरून वेढणाऱ्या बुरशीबद्दल असणार. चीड (हिमालयातला पाइन), देवदार, ओक, साल यांच्या मुळांवरची. (छत्तीसगडात पावसाच्या सुरुवातीला सालाच्या जंगलात जो 'बोडा' (एक अळंबी) गोळा करतात, तो हिचंच फळ.) हिमाचलात चीडच्या जंगलात एकदा बसल्या बसल्या गळलेल्या सुया (चीडची सुईसारखी पानं) बाजूला करून पाहिलं होतं. वर कोरड्या, आख्ख्या सुया. बोटभर खाली ओलसर तपकिरी चुरा, आणि त्यात मुळांची आखूड, फुगीर टोकं, बेचकीसारखी दुभंगलेली. केशमुळं एकही नाही. भिंग धरल्यावर टोकांवर पांढुरकं मोज्यासारखं आवरण दिसलं आणि त्यातून चुऱ्यात पसरलेले तंतू. वरच्या ताज्या सुयांत मात्र वेगळीच बुरशी होती. स्वीडनच्या पाइन जंगलातही अशीच वाटणी सापडली आहे: वरचा ताजा थर मोकळ्या कुजवणाऱ्या बुरश्यांचा, खालचा जुना थर मुळांवरच्यांचा.

आता ही जेवते कुठे? झाडाकडेच. उत्तर स्वीडनमध्ये पाइनच्या खोडांची साल गोलाकार काढून टाकली, म्हणजे पानांतली साखर मुळांपर्यंत पोचणं बंद. महिना-दोन महिन्यांत मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्म्यावर आला. हे 2001 साली प्रसिद्ध झालं. मुळं आणि त्यांच्यावरची बुरशी ताज्या साखरेवर किती अवलंबून आहेत, ते त्यातून कळतं.

जेवण तयार मिळतंय, तरी ती ह्युमसच्या (जुन्या, कुजलेल्या पाचोळ्याच्या) मागे लागते, कारण साखरेच्या बदल्यात झाडाला नत्र द्यायचं असतं. थंड प्रदेशातल्या त्या मातीत नत्र भरपूर, पण बहुतेक प्रथिनांच्या रूपात, टॅनिन आणि लिग्निनच्या चिकट लगद्यात अडकलेलं. पॅक्सिलस इन्व्होल्युटस नावाची बुरशी तो लगदा कसा फोडते, तर लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करते. तो समोर येईल ते तोडतो. लाकडाला तपकिरी कुज लावणाऱ्या बुरश्यांची जुनी युक्ती हीच. फरक हा, की ही नत्र काढून घेते आणि बाकीचा कार्बन बराचसा तिथेच टाकते. शेंगा फोडून दाणे न्यायचे, टरफलं तशीच. प्रयोगशाळेत ग्लुकोज बंद केलं तर हे काम मंदावतं, म्हणजे फोडण्याची मजुरीसुद्धा झाडच देतं.

सगळ्या जणी सारख्या नाहीत. लॅकेरिया बायकलर या मुळांवरच्या बुरशीचा जीनोम (सगळी जनुकं) 2008 साली वाचला गेला, तेव्हा वनस्पतींच्या पेशीभित्तिका तोडणारी बरीच जनुकं तिनं कधीच गमावली आहेत असं दिसलं. उलट कॉर्टिनेरियस गटातल्या काहींनी मँगनीज पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जपून ठेवलंय, जे एरवी लाकडाला पांढरी कुज लावणाऱ्यांचं हत्यार. स्वीडनच्या जंगलांच्या पाहणीत (2021) जिथे कॉर्टिनेरियस अक्यूटसचा गट होता, तिथे वरच्या सेंद्रिय थरात कार्बन 33 टक्के कमी आढळला.

आणि याच्या अगदी उलटही होतं. न्यूझीलंडमध्ये रुथ आणि पी. डी. गाडगीळ (आडनाव ओळखीचं वाटलं ना?) यांनी रेडिएटा पाइनच्या लागवडीत चर खणून काही तुकड्यांत मुळांना मज्जाव केला. तिथला पाचोळा जास्त वेगानं कुजला. 1971 सालच्या या निष्कर्षाला आजही 'गाडगीळ इफेक्ट' म्हणतात. त्यांचा अंदाज असा, की मुळांवरची बुरशी नत्र आधीच पळवते आणि मोकळ्या कुजवणाऱ्यांची उपासमार होते. प्रत्येक जंगलात असंच होतं असं नाही. तिथे कुठल्या बुरश्या आहेत आणि नत्राची किती टंचाई आहे, यावर ते ठरतं. पण 'मायकोरायझा म्हणजे कुजवणारी बुरशी' हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

तुमच्या ढिगाकडे येऊ. तिथे जिवंत मूळ नाही, म्हणजे पाकिटातलीला जेवण नाही, आणि ढीग तापला की उरलेलीही मरेल. त्यापेक्षा मूठभर अर्धवट कुजलेलं जुनं खत किंवा झाडाखालची ओलसर पानमाती मिसळा, कुजवणारे त्यातून येतील. पाकीट घेतलंच असेल तर रोप लावताना खड्ड्यात, मुळांना थेट लागेल असं टाका. त्या खड्ड्यात सुपर फॉस्फेट मात्र ओतू नका. स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला फारसं विचारत नाही.