इंग्रजी समजतं, बोलताही येतं, पण लिहिताना त्याच त्या चुका होतात. व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करावं का?

नाही. पहिल्यापासून अजिबात करू नका.

तुम्ही लिहिलंय की धुळे जिल्ह्यात मराठी माध्यमातून शिकलात, आता जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत सेल्सला आहात, गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल टाकावे लागतात आणि साहेब ते लाल करून परत पाठवतात. जाड व्याकरण आणून पहिल्या धड्यापासून बसावं, क्लास लावावा की मोबाइलमधल्या चूक-दुरुस्तीच्या ॲपवर भागवावं, असं विचारलंय. मी अमळनेरला संध्याकाळी इंग्रजीच्या बॅच घेतो. तुमच्यासारखे नोकरीतले विद्यार्थी नेहमीच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बरं झालं, तुम्ही मेलचा नमुनाही टाकलात. तो असा आहे: ‘आय हॅड व्हिजिटेड युवर गोडाऊन येस्टरडे. वी आर सप्लाइंग पाइप्स सिन्स टेन इयर्स. ऑल्दो रेट इज हाय, बट क्वालिटी इज गुड. प्लीज टेल व्हेन विल यू गिव्ह ऑर्डर. वी कॅन डिस्कस अबाउट पेमेंट.’

पाच वाक्यं आहेत आणि पाचही चुकलीत. पण चुका कोणत्या आहेत ते बघा. ‘ही गो’, ‘ही डिड नॉट वेंट’ असलं काही नाही. स्पेलिंग ठीक आहे. राज्यात मराठी शाळांमध्येही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. त्यामुळे आताच्या पोरांकडे शब्द असतात, काळांचा तक्ताही पाठ असतो. तुमचाही असणार. तुमच्या पाचही चुका एकाच कुळातल्या आहेत: वाक्य मनात मराठीत तयार झालं आणि त्यावर इंग्रजी शब्द बसवले गेले. जाड पुस्तक पहिल्या धड्यापासून केलंत तर तुम्हाला येतं तेच तीन महिने पुन्हा कराल, आणि या चुका जिथल्या तिथे राहतील.

पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये शिकणाऱ्याच्या चुकांचे दोन प्रकार वेगळे काढले. एक घाईतली चूक: नियम माहीत असतो, हात चुकतो. दुसरीत डोक्यातला नियमच वेगळा असतो. कोणती चूक कुठली हे ओळखणं सोपं आहे. मेल लिहा, बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाचा. जे तुमचं तुम्हालाच खटकलं ते घाईचं, त्याची काळजी करू नका. जे पुन्हा पुन्हा वाचूनही बरोबरच वाटतं आणि तरी साहेब लाल करतात, काम तिथे आहे. अशा चुका नुसतं वाचन वाढवून जात नाहीत. त्या मुरतात. 1972 मध्ये लॅरी सेलिंकरने या मुरण्याला फॉसिलायझेशन असं नाव दिलं, आणि आमच्याकडे येणाऱ्या पदवीधरांच्या वह्या पाहिल्या की ते नाव पटतं.

आता तुमचा ‘हॅड’. आपल्याकडच्या मुलांची सगळ्यात चिवट चूक हीच, म्हणून यावर जास्त थांबतो.

‘काल मी जळगावला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. त्यात जाऊन आलो हेही आलं. नुसतं ‘काल जळगावला गेलो’ म्हटलं तर समोरचा ‘मग?’ म्हणून पुढच्या गोष्टीची वाट बघतो. शाळेत ‘गेलो होतो’ला पूर्ण भूतकाळ म्हणतात आणि इंग्रजीच्या तक्त्यात त्याच ओळीत पास्ट परफेक्ट छापलेला असतो. नावं जुळली म्हणून पोरं दोन्ही एकच समजतात. इंग्रजीत नेमकं उलटं आहे. तिथे ‘आय वेंट’ हे पूर्ण वाक्य आहे, आणि ‘आय हॅड गॉन’ म्हटलं की वाचणारा पुढची वाट बघतो, कारण ‘हॅड’ला भूतकाळातलीच दुसरी, नंतरची घटना लागते. ती त्याच वाक्यात असो नाहीतर मागच्या वाक्यावरून समजलेली असो, पण ती हवीच.

समजा, नागपूरची गाडी भुसावळला पकडायची आहे. ‘व्हेन आय रीच्ड भुसावळ, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ याचा अर्थ, तुम्ही पोहोचायच्या आतच गाडी गेली होती, फलाट रिकामा होता. ‘व्हेन आय रीच्ड भुसावळ, द ट्रेन लेफ्ट.’ याचा अर्थ, तुम्ही पोहोचलात आणि तेवढ्यात गाडी सुटली, शेवटचा डबा कदाचित दिसलाही असेल. एका ‘हॅड’ने एवढा फरक पडतो. तुमच्या मेलमध्ये गोडाऊनला जाण्याच्या नंतरचं असं काहीच नाही, म्हणून तिथे ‘आय व्हिजिटेड’ एवढंच हवं. वाक्यात काल, गेल्या आठवड्यात, मार्चमध्ये असं काही आलं आणि दुसरी घटना नसली, की ‘हॅड’ खोडा. तसंच ‘येस्टरडे’ असेल तर ‘हॅव’सुद्धा चालत नाही. ‘आय हॅव सेंट द कोटेशन येस्टरडे’ चूक, ‘आय सेंट’ बरोबर. वेळ सांगायची नसेल, नुसतं कोटेशन पाठवलंय एवढंच कळवायचं असेल, तर ‘आय हॅव सेंट’ उत्तम.

‘सिन्स टेन इयर्स’ बऱ्याच जणांना कुणीतरी दुरुस्त करून दिलेलं असतं, पण अर्धंच. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं: 2014 पासून, दहा वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. इथवर सगळे येतात आणि ‘वी आर सप्लाइंग फॉर टेन इयर्स’ लिहून मोकळे होतात. खरी चूक क्रियापदात आहे. ‘दहा वर्षांपासून पुरवतोय’ हा मराठीत वर्तमानकाळ. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन अजून चालू आहे हे क्रियापदातच दाखवावं लागतं: ‘वी हॅव बीन सप्लाइंग’. ‘सिन्स’चं ‘फॉर’ केलं आणि हे राहिलं, तर दुरुस्ती झालीच नाही.

वेळेच्याच आणखी दोन चुका सांगतो, कारण तुमच्या धंद्यात त्या महागात पडतील. ‘दोन वर्षांपूर्वी’चं पोरं ‘बिफोर टू इयर्स’ करतात. हवं ‘टू इयर्स अगो’. याने फार तर हसू होईल. पण ‘दोन दिवसांनी माल पाठवतो’चं ‘आफ्टर टू डेज’ केलंत तर गिऱ्हाईक ‘दोन दिवसांनंतर कधीतरी’ असंही वाचू शकतं. दोन दिवसांत किंवा दोन दिवसांनी म्हणायचं असेल तर ‘इन टू डेज’. आणि सरळ तारीखच टाकली तर सगळ्यात बरं.

‘ऑल्दो’ आणि ‘बट’ एकत्र येतात ते आपल्या ‘जरी-तरी’मुळे. आपल्याला जोडी लागते, इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतं. कोणतं ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. (आता, माल विकायला निघालेल्या माणसाने आपणच ‘रेट जास्त आहे’ असं लिहावं का, हा प्रश्न व्याकरणाबाहेरचा. मी ते वाक्यच काढून टाकलं असतं.)

चौथं वाक्य बघा. मराठीत ‘ऑर्डर कधी देणार?’ आणि ‘ऑर्डर कधी देणार ते सांगा’ यात शब्दांचा क्रम हलत नाही. इंग्रजीत सरळ प्रश्नात ‘विल यू’ असं उलटतं. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की पुन्हा सुलट होतं: ‘व्हेन यू विल’. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज हिज ऑफिस’ हीही तीच चूक. ‘व्हेअर हिज ऑफिस इज’ हवं. हे नुसतं वाचून बसत नाही, तोंडाने म्हणावं लागतं. मी बॅचमध्ये एकाला सरळ प्रश्न विचारायला लावतो आणि शेजारच्याला तोच ‘डू यू नो’ लावून म्हणायला लावतो. पहिल्या दिवशी हशा होतो, हळूहळू जिभेला वळण लागतं. शिवाय ‘टेल’ला कुणाला ते लागतं, ‘टेल मी’ किंवा ‘टेल अस’. आणि ऑर्डर ‘गिव्ह’ करण्यापेक्षा ‘प्लेस’ केलेली धंद्याच्या पत्रात शोभते.

‘डिस्कस अबाउट’बद्दल एवढंच की यात तर्क शोधू नका. ‘टॉक अबाउट’ बरोबर, ‘अ डिस्कशन अबाउट’ही बरोबर, पण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चालत नाही. तसंच ‘रीच’ला ‘टू’ नाही. ‘मॅरीड विथ’ नाही, ‘मॅरीड टू’. ‘अँग्री ऑन’ नाही, ‘अँग्री विथ’. आपण एखाद्या‘वर’ रागावतो म्हणून ‘ऑन’ येतं. क्रियापद पाठ करताना त्याचं शेपूट असेल-नसेल ते धरूनच पाठ करा.

तुमच्या मेलमध्ये नाही, पण मुलाखतीत तुम्ही नक्की बोलत असाल असं एक: ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातला ‘आहेत’ कानात असतो, म्हणून ‘ॲम’ शिरतं आणि मागोमाग ‘हॅविंग’. घरी अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीत, ‘माले दोन भाऊ शेतस’ म्हणणाऱ्यांचंही तेच होतं. जवळ असणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं या अर्थांना ‘आयएनजी’ लावत नाहीत: आय हॅव, आय नो, आय लाइक, आय वॉन्ट. जेवण चालू असेल तर मात्र ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं.

इथे अहिराणी बोलणाऱ्यांना एक फायदा आहे, आणि तो त्यांना कुणी सांगत नाही. प्रमाण मराठीत ‘मी जातो’ हे रोजचंही असतं आणि आत्ताचंही, म्हणून ‘आय गो’ की ‘आय ॲम गोइंग’ यात मुलं अडखळतात. अहिराणीत ‘जास’ वेगळं आणि ‘जाई राहिनू’ वेगळं. फळ्यावर ‘जास’समोर ‘आय गो’ आणि ‘जाई राहिनू’समोर ‘आय ॲम गोइंग’ लिहिलं, की तक्त्यांनी जे डोक्यात शिरलं नाही ते चटकन शिरतं. तुमच्या घरी अहिराणी असेल तर या एका बाबतीत वाक्य मराठीतून न नेता घरच्या बोलीतून न्या.

‘अ’ आणि ‘द’ यांचं प्रकरण लांबलचक आहे आणि त्यात आत्ता पडू नका. सध्या एवढंच पाळा की मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत उघडं उभं राहत नाही; त्याच्या आधी अ, ॲन, द, माय, युवर, धिस यांपैकी काहीतरी हवं. आणि ‘अ’ की ‘ॲन’ हे उच्चारावरून ठरतं, अक्षरावरून नाही: अ युनिव्हर्सिटी, ॲन आवर, ॲन एमआयडीसी प्लॉट.

‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’, ‘आऊट ऑफ स्टेशन’ यांवरून कुणी टोकलं तर सोडून द्या. ते भारतातलं इंग्रजी आहे आणि तुमची गिऱ्हाइकंही इथलीच आहेत. ‘मायसेल्फ’ने स्वतःची ओळख करून देणं मात्र थांबवा, ‘आय ॲम’ पुरे.

तुमचा मेल आता असा होईल: ‘आय व्हिजिटेड युवर गोडाऊन येस्टरडे. वी हॅव बीन सप्लाइंग पाइप्स फॉर टेन इयर्स. ऑल्दो द रेट इज हाय, द क्वालिटी इज गुड. प्लीज लेट अस नो व्हेन यू विल प्लेस द ऑर्डर. वी कॅन डिस्कस द पेमेंट.’

क्लास लावायचा तर लावा, पण जो मास्तर तुमचे मेल वाचून शिकवेल त्याच्याकडे. सगळ्यांना एकच छापील वही देणाऱ्याकडे पैसे घालवू नका. आणि घरी करायचं काम असं: पाठवलेल्या मेलमधले जुने दहा-बारा काढा आणि त्यात फक्त ‘हॅड’ शोधा. प्रत्येक ‘हॅड’पाशी ‘कशाच्या आधी?’ असं विचारा. उत्तर नसेल तर खोडा. बाकी चुका दिसल्या तरी त्या दिवशी हात लावू नका. नवीन मेलमध्ये ‘हॅड’ आपोआप कमी झाला की मग ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ घ्या, त्यानंतर पोटातले प्रश्न. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलात तर मेल लिहायचीच भीती बसेल.

राहिलं ॲपचं. जरूर वापरा. ‘सिन्स टेन इयर्स’, ‘डिस्कस अबाउट’ असल्या चुका ते बहुतेक वेळा पकडतं. पण ‘हॅड’वर त्याच्या भरवशावर राहू नका. ‘आय हॅड व्हिजिटेड युवर गोडाऊन’ हे वाक्य एकटं पाहिलं तर त्यात खोट काहीच नाही. तुम्ही तिथून परत आलात आणि पुढे काही घडलं नाही, हे ॲपला कुठून कळणार? ‘आफ्टर टू डेज’चंही तेच. या दोन गोष्टी मेल पाठवायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनीच बघाव्या लागतील.