ओझरच्या टर्मिनलमध्ये कुठून कुठे जायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत विमानप्रवासाचे प्रश्न वाढतात. या वेळी ओझरबद्दल विचारणारे बरेच आहेत. मुंबई-दिल्लीच्या मानाने ओझरचं टर्मिनल लहान आहे. तिथे वाट चुकण्याची भीती फारशी नसते. पंचाईत होते ती वेळेची, नाहीतर ‘इथून पुढे गेलो की परत येता येत नाही’ हे माहीत नसल्याची.

प्रश्न : मोबाइलच्या नकाशात नाशिकला दोन विमानतळ दिसतात. नेमकं कुठे जायचं आणि किती वाजता निघायचं? – वाचक, सिडको

उत्तर : ओझरला. गांधीनगरचा विमानतळ लष्कराच्या ताब्यात आहे, तिथून प्रवासी विमानं सुटत नाहीत. ओझरचा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा म्हणजे एचएएलचा आहे, आणि प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झालं. तिकिटावर ‘आयएसके’ ही तीन अक्षरं पाहा. काही संकेतस्थळं ‘जवळचा विमानतळ’ म्हणून शिर्डीचं तिकीट पुढे करतात. तो विमानतळ काकडीला आहे आणि त्याचा कोड ‘एसएजी’.

नकाशात नुसतं ‘एचएएल ओझर’ टाकलंत तर रिक्षा किंवा टॅक्सी कारखान्याच्या नाहीतर हवाई दलाच्या फाटकाशी नेऊन उभी करील. तिथून वळसा पडतो. म्हणून ‘नाशिक विमानतळ प्रवासी टर्मिनल’ असं शोधा आणि चालकाला दहाव्या मैलाजवळ महामार्ग सोडून जानोरीच्या दिशेने जायला सांगा.

वेळेचा हिशोब सुटण्याच्या वेळेपासून उलटा करा. समजा विमान २०:०० ला आहे. इंडिगोच्या सध्याच्या देशांतर्गत नियमांनुसार चेक-इन आणि सामान देण्याचा काउंटर ६० मिनिटं आधी, म्हणजे १९:०० ला बंद होतो. बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी, १९:३५ ला बंद होतं. टर्मिनलच्या दारात १८:०० च्या सुमाराला असावं. सिडकोतून द्वारका, आडगावमार्गे जायचं तर १६:४५ ला घर सोडा. संध्याकाळी द्वारका चौकात किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. काउंटर एकदा बंद झाला की विनवण्या करून उपयोग नाही. प्रवासी आणि सामानाचा अंतिम आकडा धरून विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा कागद तयार होतो, त्यानंतर नवं नाव घुसवता येत नाही.

आणखी एक घोळ नेहमीचा आहे. तिकिटावर ‘१२ तारीख, ००:१५’ असेल तर ते विमान ११ तारखेच्या रात्री जेवणं आटोपून गाठायचं असतं. मुंबईहून पुढचं विमान असणाऱ्यांनी हे दोनदा तपासावं.

प्रश्न : बायकोच्या आधारवर माहेरचं नाव आहे, तिकीट सासरच्या नावाने काढलं गेलं. दारात अडवतील का? – वाचक, निफाड

उत्तर : अडवू शकतात. दारातला जवान तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव शेजारी शेजारी धरून पाहतो. स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडून आधीच दुरुस्त करून घ्या. आडनावच वेगळं असेल तर तिकिटाशी जुळणारं दुसरं ओळखपत्र शोधा. मतदार कार्ड, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. मूळ कार्ड किंवा एम-आधार, डिजिलॉकर जवळ हवं. व्हॉट्सॲपवर आलेला कार्डाचा फोटो पुढे करू नका. मांडीवर बसणाऱ्या दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा, काउंटरवर वय तपासतात.

पोहोचवायला आलेल्यांना तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. त्यामुळे औषधाची पिशवी, चष्मा, फोनचा चार्जर हे सगळं प्रवाशाच्याच हातात आहे ना, हे दाराबाहेरच पाहून घ्या.

प्रश्न : आई-वडील पहिल्यांदाच विमानाने जाणार आहेत, सोबत कोणी नाही. आत गेल्यावर कोणत्या रांगेत उभं राहायचं, हे क्रमाने सांगाल का? – वाचक, पंचवटी

उत्तर : ‘प्रस्थान’ लिहिलेल्या दारातून आत गेल्यावर आधी पडदा बघायचा. पडद्यावर गावाचं नाव शोधू नका, विमानाचा क्रमांक शोधा, कारण एकाच शहराला दोन विमानं असू शकतात. इंडिगोचा क्रमांक ‘६ई’ने सुरू होतो आणि पुढे आकडे असतात. तिकिटावरचा सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा, तो पडद्यावर कधीच दिसणार नाही. आई-वडिलांसाठी विमान क्रमांक, सुटण्याची वेळ आणि पीएनआर या तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून द्या. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद कामी येतो.

पडद्यावर काउंटरचा क्रमांकही असतो. घरून वेब चेक-इन केलं असलं तरी मोठी बॅग द्यायची असेल तर काउंटरवर जावंच लागतं, आणि ६० मिनिटांची मुदत तिथेही लागू असते. ‘चेक-इन झालंय, मग घाई कशाला’ असं समजून चहा पीत बसणारे इथेच अडकतात. साध्या तिकिटावर मोठी बॅग १५ किलोपर्यंत आणि हातातली ७ किलोपर्यंत. जास्त वजनाचे पैसे काउंटरवर प्रतिकिलो मोजावे लागतात, म्हणून घरीच वजनकाट्यावर टाकून बघा. पिशव्यांच्या तोंडाला सुतळी बांधून आणू नका. बॅग बंद होणारी, कुलूप लागणारी असावी.

बॅग पट्ट्यावर ठेवली की तिच्या मुठीला चिकटपट्टी लावतात आणि तिचाच छोटा तुकडा बोर्डिंग पासवर चिकटवतात किंवा हातात देतात. तो टाकू नका. त्यावरची तीन अक्षरं मुक्कामाच्या शहराची आहेत का, हे काउंटर सोडण्याआधी विचारून घ्या. दिल्लीत विमान बदलून पुढे जाणाऱ्याच्या पट्टीवर शेवटच्या शहराचा कोड हवा.

बोर्डिंग पासवर बरेच आकडे असतात. त्यातले कामाचे तीन. गेट म्हणजे कोणत्या दारातून जायचं. सीट म्हणजे ओळीचा आकडा आणि अक्षर, उदाहरणार्थ १४ सी. तिसरी बोर्डिंगची वेळ. ‘सीक्वेन्स’ हा फक्त कितव्या क्रमाने चेक-इन झालं ते सांगतो, त्याला गेट समजून भलत्याच दारापाशी बसणारे दिसतात.

त्यानंतर सुरक्षा तपासणी. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करते, म्हणून पुरुष आणि बायकांच्या रांगा वेगळ्या. दोघांची ताटातूट इथेच होते. पलीकडे गेल्यावर कुठे थांबायचं ते आधी ठरवू द्या. लॅपटॉप, पॉवर बँक, मोबाइल, पट्टा, नाणी, किल्ल्या ट्रेमध्ये ठेवायच्या. ट्रे मशीनमधून बाजूच्या पट्ट्यावर गेला तर घाबरायचं कारण नाही, जवानाला आत काहीतरी नीट पाहायचं असतं. तिथेच उभं राहायचं आणि तो विचारील तेव्हा बॅग उघडायची. सगळं परत घेताना ट्रेचा तळ बघा. घड्याळं आणि अंगठ्या तिथे राहतात.

इथून पुढे परत मागे येता येत नाही, कारण हा भाग तपासणी झालेल्यांसाठीच असतो. बाहेर राहिलेल्या माणसाकडून डबा घ्यायचा असेल तर तो आधी. आत पाणी आणि स्वच्छतागृह असतं, खाण्याच्या दुकानांचा पर्याय मात्र थोडा, आणि भाव बाहेरच्यापेक्षा चढे. घरचा कोरडा डबा न्यायला हरकत नाही.

गेटपाशी बसल्यावर कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवावेत, कारण गेट ऐनवेळी बदलू शकतं. विमानापर्यंत चालत किंवा बसने नेतात. विमान छोटं, पंख्याचं एटीआर असेल तर चढायचं दार मागच्या बाजूला असतं आणि आसनं दोन-दोनच्या जोड्यांत. त्याचे वरचे कप्पे लहान, त्यामुळे चाकाची हातबॅग शिडीपाशी घेऊन सामानात ठेवतात. अशा वेळी औषधं, दागिने आणि कागदपत्रं काढून जवळ घ्यायची. एअरबससारख्या मोठ्या विमानाला दोन्ही टोकांना शिड्या लावल्या असतील तर मागच्या ओळीच्या माणसाने मागूनच चढावं, म्हणजे गर्दीत उलटं यावं लागत नाही.

प्रश्न : सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. व्हीलचेअर विमानतळावर मागितली की मिळते का? – वाचक, सिन्नर

उत्तर : मागून मिळेलही, पण भरवशाचा मार्ग म्हणजे तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी कंपनीकडे नोंद करणं. नोंदीत तीन प्रकार असतात आणि घरचे लोक सरसकट पहिला निवडतात. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे लांब चालता येत नाही, पण जिने चढता येतात. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे थोडं चालता येतं, जिने नाही. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. जिथे विमानात शिडीने चढावं लागतं तिथे हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. जिना जमत नसेल तर दुसरा प्रकार निवडा, म्हणजे लिफ्टच्या गाडीची सोय कंपनीला आधी बघता येते. उतरायच्या विमानतळासाठीही तीच नोंद लागू आहे ना, ते विचारा. खुर्ची ढकलणाऱ्या मदतनिसाला गेटपर्यंत सोबत राहायला सांगा.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरचा प्रसाद, रामकुंडाचं पाणी आणि वाइनच्या दोन बाटल्या न्यायच्या आहेत. – वाचक, गंगापूर रोड

उत्तर : पेढे आणि चिवडा हातात नेला तरी चालतो. रामकुंडाचं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. सुकं अख्खं खोबरं दोन्हीकडे नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून ते धोकादायक सामानात मोडतं. कापूर, काडेपेटी, लायटरही घरीच. तेलकट लोणचं हातबॅगेत अडवतात. त्रिशूळ किंवा टोकदार मूर्ती मोठ्या बॅगेत.

वाइन बंद बाटलीत, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. वाइनमधलं अल्कोहोल २४ टक्क्यांपेक्षा कमी असतं, त्यामुळे ५ लिटरची कडक मर्यादा तिला लागू होत नाही. ती मर्यादा २४ ते ७० टक्क्यांच्या दारूसाठी आहे. पण विमान कंपनीची हरकत नसली म्हणजे राज्याचीही नसते असं नाही. अहमदाबादला चाललात तर गुजरातेत दारूबंदी आहे, तिथे परवान्याशिवाय बाटली नेणं गुन्हा ठरतो.

पॉवर बँक मात्र नेहमी हातात. मोठ्या बॅगेत लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर उड्डाणात तिथे कोणी पोहोचू शकत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. हिशोब सोपा आहे. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १००० म्हणजे ७४ वॉट-अवर. मोठ्या बॅगेत ती सापडली तर बॅग उघडायला तुम्हाला बोलावून घेतात, आणि तोवर तुम्ही सुरक्षेपलीकडे गेलेले असाल तर चांगलीच धावपळ होते.

प्रश्न : नाशिकहून दिल्लीमार्गे पुढे जायचं आहे. दिल्लीत बाहेर पडायचं की आतच राहायचं? – वाचक, सातपूर

उत्तर : दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर ‘ट्रान्सफर’च्या पाट्यांमागे जा, सामान पुढे आपोआप जातं. दोन वेगळी तिकिटं असतील तर पट्ट्यावरून बॅग घ्या, बाहेर या, नव्याने काउंटर गाठा. त्यासाठी तीन तासांहून कमी अंतर ठेवू नये, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं धरून आणखी. आपलं पहिलं विमान कोणत्या टर्मिनलला उतरतं आणि दुसरं कुठून सुटतं ते आधी वाचा. टी-२ आणि टी-३ शेजारी आहेत. टी-१ वेगळ्या बाजूला आहे, तिथून टी-३ ला जायला शटल बस किंवा टॅक्सी लागते. मेट्रोनेही दोन वेगळे मार्ग आहेत : टी-१ ला मजेंटा लाइन, टी-३ ला एअरपोर्ट एक्स्प्रेस.

परदेशातून परतताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर साधारणपणे बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं, मग नाशिकच्या विमानासाठी ती पुन्हा द्यावी लागते.

प्रश्न : ओझरला उतरल्यावर बॅग आलीच नाही तर? – वाचक, येवला

उत्तर : बाहेर पडू नका. सामानाच्या पट्ट्याजवळच कंपनीच्या माणसाला गाठून ‘पीआयआर’ नावाचा अहवाल लिहून घ्या. त्यासाठी काउंटरवर मिळालेला तो चिकटपट्टीचा तुकडा लागतो. बॅगेचा रंग, कंपनी, चाकं किती आणि आतल्या दोन-तीन ओळखीच्या वस्तू सांगा. बॅग फुटली असेल तरी तक्रार तिथेच, फोटोसकट. एकदा दाराबाहेर गेलात की नुकसान विमानात झालं की रिक्षात, हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. काळ्या रंगाच्या बॅगा एकमेकींसारख्याच असतात. दुसऱ्याची घेऊन जाऊ नये म्हणून मुठीला रंगीत फडकं बांधा आणि उचलण्याआधी पट्टीवरचा क्रमांक आपल्या तुकड्याशी जुळवून पाहा.