शब्दाआधीची मागणी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वाचा-उपचारासाठी तुझ्याकडे येणारा सव्वादोन वर्षांचा मुलगा जेमतेम तीन शब्द बोलतो, चित्रांची कार्डे समोर धरून 'हे काय आहे?' असे विचारले की तोंड फिरवतो, आणि त्याची आई दर वेळी 'कधी बोलेल?' एवढेच विचारते, असे तू लिहितेस.

सर्वांत आधी सांग, त्याची श्रवणचाचणी झाली आहे का? टाळी वाजवली की तो वळून पाहतो, एवढ्यावरून कान चांगले आहेत असे समजू नकोस. मधल्या कानात पाणी साचले असेल तर मोठे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले हलके ध्वनी पुसट होतात, आणि हा दोष कमीजास्त होत राहत असल्यामुळे घरच्यांना तो 'मनात असेल तेव्हाच ऐकतो' असे वाटत राहते. चाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नकोस.

दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांजवळ निदान 50 शब्द असतात आणि ती दोन शब्द जोडू लागतात, हे तू आईला सांगितलेस ते योग्यच. पण तो सांगितलेले किती समजतो, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, आकाशात विमान दिसले की तुम्हीही पाहावे म्हणून तुमच्याकडे वळतो का, हे मला शब्दांच्या संख्येहून महत्त्वाचे वाटते. तो बोट दाखवत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गमावले असतील, तर बालविकासतज्ज्ञांकडे लगेच पाठव. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे सावरतात हे खरे, परंतु त्यांतले कोणते सावरेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच 'आणखी सहा महिने वाट पाहू' हा सल्ला मला कधीच पटला नाही.

आता कार्डांविषयी. माझ्या सुरुवातीच्या काळात असाच एक मुलगा माझ्याकडे येत असे. मी साबणाचे फुगे उडवायची आणि प्रत्येक फुग्यामागे 'फुगा म्हण, फुगा' असा धोशा लावायची. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. एके दिवशी बाटलीचे झाकण घट्ट बसले. मी खाली मान घालून ते उघडण्याची खटपट करत होते, त्यामुळे आपोआपच गप्प होते. तेवढ्यात माझ्या मनगटावर त्याचा हात पडला. त्याने आधी झाकणाकडे, मग माझ्या डोळ्यांत पाहिले आणि 'अं' म्हटले. ती त्याची पहिली मागणी होती, आणि इतके दिवस तिला जागाच मी ठेवली नव्हती. त्या दिवसापासून मी काही बोलले की मनात दहापर्यंत आकडे मोजते आणि मुलाकडे पाहत थांबते.

आईलाही हेच शिकव, कारण तुझ्याकडे तो आठवड्यातून तासभर असतो आणि बाकी सगळा वेळ घरच्यांसोबत. तो 'गाडी' म्हणाला तर तिने 'गाडी गेली' म्हणावे, म्हणजे त्याच्या शब्दाला एकच शब्द जोडावा आणि त्याच्याकडून तो वदवून घेऊ नये. प्रश्न कमी करावेत. आंघोळ घालताना, कपडे चढवताना जे चालले आहे ते छोट्या वाक्यांत सांगत राहावे. हाताच्या खुणा शिकवल्या तर तो बोलायचा आळस करेल अशी भीती तिला वाटेल, पण खुणांमुळे बोलणे मागे पडत नाही. सांगण्याची वाट सापडली की मुलाची चिडचिड मात्र कमी होते. घरात दोन भाषा असतील तर त्यांतली एक बंद करायला कोणी सांगू नये. आईवडिलांना जी भाषा मनापासून येते, तिच्यातच त्यांनी मुलाशी बोलावे.

पुढच्या भेटीत कार्डे कपाटात राहू देत. त्याच्या आवडीची वस्तू पारदर्शक डब्यात ठेव, झाकण त्याला उघडणार नाही इतपत घट्ट लाव, आणि त्याच्यासमोर जमिनीवर बस. तो कशाकशाने मागतो, नजरेने, हाताने की आवाजाने, ते जसेच्या तसे टिपून मला पाठव. आईच्या प्रश्नाला तारखेने उत्तर देऊ नकोस. त्या दिवशी त्याने काय मागितले आणि कसे मागितले, ते तिला शेजारी बसवून दाखव.

तुझी बाई