पातळ केसांवर मोठा बो टिकतो का? टिकतो, असा बसव

तुझा प्रश्न वाचला. मे महिन्यात चुलत बहिणीचा साखरपुडा आहे, केस खांद्याच्या जरा खाली, सरळ आणि पातळ, आणि मागवलेला 8 इंची सॅटिनचा बो लावला की अर्ध्या तासात मानेवर घसरतो, वर आरशात डोकंच मोठं दिसतं. मी इथे सोलापुरातच लग्नसराईत हेअरस्टाईल करते आणि हल्ली प्रत्येक कार्यक्रमात एकीला तरी असा बो हवाच असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पातळ केसांना मोठा बो चालत नाही असं कुणी सांगितलं असेल तर ते आधी डोक्यातून काढ. शाळेतल्या लाल रिबिनी आठव. दोन घट्ट वेण्या वर दुमडलेल्या, कानाशी एवढं मोठं फूल, आणि प्रार्थनेपासून शेवटच्या तासापर्यंत, मधे खो-खो खेळून आलं तरी ते फूल जागचं हलायचं नाही, कारण आई वेणी घालताना अर्ध्यातून रिबिन पेडांतच घ्यायची आणि मग तीच रिबिन वर आणून तिचं फूल करायची, म्हणजे फूल केसांत विणलेलंच असायचं. आताचे बो नुसत्या क्लिपवर येतात आणि आपण ते धुतलेल्या गुळगुळीत मोकळ्या केसांना चिमटवतो, घसरणारच ना. फ्रान्समधे आल्सास म्हणून भाग आहे, तिथल्या पारंपरिक पोशाखात बायकांच्या डोक्यावर पंख पसरल्यासारखा मोठ्ठा काळा बो असतो, पण तोसुद्धा केसांवर नाही, आत छोटी टोपी असते तिच्यावर बसवलेला. बो जेवढा मोठा तेवढी खाली बैठक पक्की लागते, तुझं तेवढंच राहिलंय.

तर बैठक अशी कर. केस आदल्या दिवशी धू, त्याच दिवशी नको, ताजे धुतलेले केस निसटतात (आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही तेव्हा तो दिवस आधीच बघून ठेव). कंडिशनर, सीरम जे काय लावायचं ते फक्त टोकांना, मुळांकडे अजिबात नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही कानांच्या वरचे केस मागे घेऊन हाफ पोनी बांध, बारीक पण घट्ट रबराने. बांधायच्या आधी मुळाशी दोन-तीन थरांना बॅक कोंबिंग (कंगवा टोकांकडून मुळांकडे उलटा फिरवणं) करून हलका स्प्रे मार आणि वरचा थर नीट विंचरून त्यावर आण. आता पोनीतली एक बट घे, तिची तीन पेडी वेणी घाल, रबराभोवती गुंडाळ आणि आकडे लाव. सुपारीएवढा अंबाडा होईल, तेवढा पुरे, बोखाली तो दिसत पण नाही. बोची क्लिप ह्या अंबाड्यात घुसवायची, दात असलेली चिमट्याची क्लिप असेल तर रबराच्या खालून वर, आणि आडवी खटक्याची क्लिप असेल तर अंबाड्याचे केस आत घेऊनच बंद करायची, नाहीतर पातळ केसांत त्या क्लिपच्या आत जागा मोकळी राहते आणि बो लटकतो. मग दोन्ही बाजूंनी बॉबी पिन एकमेकींवर फुलीसारख्या. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, बऱ्याच जणी उलट लावतात. पिनेवर आधी थोडा स्प्रे मारला तर पकड अजून वाढते.

क्लिप मात्र बघून घे. 8 इंची बोला मधोमध एकच छोटीशी क्लिप असेल तर तो पुढे झुकतोच, कितीही पिना लाव. मोठी क्लिप आणून सुईदोऱ्याने शिवून टाक, नवी पेठेत कुठेही मिळेल.

सगळं झालं की घरीच पाच-सहा वेळा पूर्ण खाली वाक, पाया पडतो तशी. साखरपुड्यात तुला दिवसभर हेच करायचंय आणि बो पुढे येतो तो तेव्हाच. वाकून हलला नाही तर नाचतानासुद्धा हलणार नाही. आणि ओढ बसत असेल, एखादी बट टोचत असेल तर लगेच सैल कर. ‘ताई, डोकं दुखलालंय’ म्हणत चार तास तसंच बसणाऱ्या मुली मी बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, कपाळाजवळचे केस असे सतत ओढले गेले की तिथे विरळ होत जातात.

डोकं मोठं दिसतं ते बो चुकीच्या जागी बसल्यामुळे. समोरून आरशात दोन्ही बाजूंना बोचे कान सारखे बाहेर दिसतात तेव्हा सगळी रुंदी चेहऱ्यालाच चिकटते. चेहरा गोल असेल तर बो मागे पण जरा उंच, टाळूच्या उताराला बसव, चेहऱ्याला उंची मिळते. लांबट असेल तर खाली, मानेच्या वर. आणि बाकीचे केस शांत ठेव, खालच्या टोकांना हलका कर्ल बास. बो, वर कुरळ्या बटा, वर गजरा, वर चमकीच्या पिना असं सगळं एकदम नको. माझं सरळ मत आहे, काठपदराच्या साडीवर गजराच माळावा आणि बो घागऱ्याला, गाऊनला ठेवावा. अपवाद खणाचा. खणाच्या ब्लाउजवर साधी इरकल आणि मागे खणाचाच बो, हे इतकं गोड दिसतं की मी स्वतः होऊन सुचवते. कापड हलकं पण कडक असतं म्हणून आकार पण धरतं.

करून घ्यायचा असेल तर टेलरला 17 इंच लांब, 10 इंच रुंद कापड दे, आत बकरम (कडक अस्तर) घालायला सांग. रुंदी दुमडून शिवली, टोकं मधे आणून चुण्या घालून बांधली की साधारण 8 इंची बो होतो. शेपटं लांब हवी असतील तर वेगळी पट्टी. सॅटिन रिबिनीची टोकं मेणबत्तीवर लांबूनच फिरवली की सुटत नाहीत, पण हे सिंथेटिकलाच, सुती-रेशमी जळतं.

आता मे महिना. पारा 40 च्या वर असणार आणि मानेवर घामाच्या धारा, सॅटिनवर घामाचे डाग उठतात, म्हणून खाली लावणार असशील तर ऑर्गेंझाचा हलका घे. ब्लाउजला मागे दोरी आणि लटकन असतील तर खालचा बो विसरच, दोन्ही एकमेकांत अडकतात. आणि स्कूटीवर स्कार्फ बांधून बो लावून जाऊ नको, घरून फक्त बैठक करून नीघ, बो डब्यात घालून ने आणि कार्यालयात पोचल्यावर लाव, दोन मिनिटांचं काम आहे. स्टेजवरच्या उंच पाठीच्या सोफ्यावर टेकून बसलीस तर मात्र तो चपटा होणार, फोटोच्या वेळी थोडी पुढे सरकून बस.

भाचीचं विचारलं होतंस, 4 वर्षांच्या मुलीला 8 इंची घालू नको, लहान मुलांचे केस मऊ असतात आणि वजनाने क्लिप खाली ओढते, मग ती चिडून उपटून काढते. तिला 3 इंचीचे दोन, दोन छोट्या वेण्यांना, आणि शक्य झालं तर रिबिन पेडांत घेऊनच. तुझ्या बोची क्लिप कुठली आहे ते कळव, मागच्या बाजूचा फोटो टाकलास तर पिना कुठे लावायच्या ते नेमकं सांगते.